पन्नास टक्क्यांची गोष्ट

आरक्षणावर बोलायचं नाही, असा आमच्या घरात एक अलिखित नियम आहे आणि तो प्रत्येक लग्नकार्यात मोडतो. जेवणं झाली, पानसुपारी झाली की कुणीतरी कुणाच्या तरी मुलीच्या ॲडमिशनचा विषय काढतो आणि मग तासभर कुणाला हलता येत नाही. एक गट म्हणतो, "आम्हाला कुणी काही दिलं नाही, आम्ही आमच्या जिवावर वर आलो." दुसरा म्हणतो, "आता तरी आम्हाला मिळालंच पाहिजे." गंमत म्हणजे दोन्ही गट एकाच आडनावाचे! मी बहुधा ऐकत बसतो. पण मध्यंतरी पुतण्याने थेटच विचारलं, "काका, ही पन्नास टक्क्यांची मर्यादा ठरवली कुणी? घटनेत कुठल्या कलमात आहे?" उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज सवडीने लिहितो आहे.

मूळ घटनेत हा आकडा कुठेच नाही. २००० साली ८१ वी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा नोकऱ्यांमधल्या अनुशेषाच्या संदर्भात पन्नास टक्के मर्यादेचा उल्लेख १६ व्या कलमात आला, पण तो आधीपासून चालत आलेल्या मर्यादेला धरून. ती मर्यादा न्यायालयाने घातलेली. मात्र हा आकडा न्यायालयाच्याही आधीचा आहे. तो पहिल्यांदा आला आपल्या कोल्हापुरात, आणि आला तोही आजच्या बरोबर उलट्या अर्थाने.

२६ जुलै १९०२ च्या करवीर गॅझेटमध्ये शाहू महाराजांचा तो हुकूम प्रसिद्ध झाला. महाराज स्वतः तेव्हा कोल्हापुरात नव्हते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले होते. (राजाच्या आजारपणामुळे तो समारंभ जूनमधून ऑगस्टवर गेला होता.) हुकूम अगदी छोटा आहे. यापुढे ज्या जागा रिकाम्या होतील त्यांतल्या शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गातल्या लोकांना द्याव्यात. ज्या कचेरीत या लोकांचं प्रमाण आज शेकडा पन्नासपेक्षा कमी आहे, तिथली पुढची नेमणूक याच वर्गातून करावी. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी, केलेल्या नेमणुकांचा तक्ता सादर करावा. आणि मागासलेले म्हणजे कोण? तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे.

आता यातल्या शब्दांकडे मास्तरकीच्या सवयीने जरा बारकाईने पाहा. रिकाम्या होणाऱ्या जागा म्हटलं आहे. म्हणजे खुर्चीवर बसलेल्या कुणालाही उठवलेलं नाही. पन्नासच्या खाली असेल तर पुढची जागा अमक्यालाच, असं म्हटलं आहे. पण पन्नास झाले की थांबा, असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणजे १९०२ चे पन्नास टक्के हे कमीत कमी इतके तरी, या अर्थाचे होते. छप्पर नव्हे, जोतं! शिवाय त्या 'बाकी सगळ्यां'त मराठे, कुणबी, माळी, धनगर, लिंगायत, जैन, मुसलमान आणि अस्पृश्य मानलेल्या सगळ्या जाती येत होत्या. संस्थानातल्या प्रजेचा केवढा मोठा हिस्सा झाला हा! एवढ्या सगळ्यांना मिळून निम्म्या जागा, तरी केवढा गहजब झाला.

गहजब का झाला ते कळायला तेव्हाच्या कचेऱ्या डोळ्यांसमोर आणायला हव्यात. एप्रिल १८९४ मध्ये महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा त्यांचं वय अवघं १९ होतं. दरबारच्या वरच्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. पाचशेच्या आसपास कारकुनांत ब्राह्मणेतर होते अवघे दहा. यात त्या कारकुनांचा व्यक्तिशः दोष नव्हता, लिहिणं-वाचणं ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या होतं तेच कारकून झाले. पण एकाने दुसऱ्याला आणावं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि कचेरीत काय चाललंय ते बाहेर उन्हात बसलेल्या कुळाला कळूच नये, हे त्यातून आपोआप घडत होतं.

हा हुकूम म्हणजे वेदोक्त प्रकरणाचा राग होता, असं पुष्कळ जण लिहितात. पंचगंगेच्या घाटावर राजाच्या स्नानाला पुरोहिताने वेदोक्त मंत्र म्हणायचं नाकारलं, त्यावरून मोठं वादळ उठलं हे खरंच आहे. महाराजांच्या मनाला ते लागलं नसेल असं कोण म्हणेल? पण मला हे कारण अपुरं वाटतं. वादाच्या आधी, १८९६ मध्येच महाराजांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढलं होतं. ते कागदावर सर्वांचं होतं, प्रत्यक्षात तिथे बहुतेक ब्राह्मण मुलंच राहिली. तेव्हा महाराजांनी मार्ग बदलला आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच वर्षी जैनांचं, १९०६ मध्ये मुसलमानांचं, १९०७ मध्ये लिंगायतांचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, मग शिंपी, दैवज्ञ, सारस्वत... एकेका जातीला एकेक बोर्डिंग! जातवार वसतिगृहं काढून जात पक्की केली, असा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. मी तो हसण्यावारी नेणार नाही. पण एकत्र वसतिगृहाचा प्रयोग आधी करून झाला होता, हे आक्षेप घेणारे सांगत नाहीत.

आणि इथेच मला त्या हुकुमाचं मर्म दिसतं. राखून ठेवलेली जागा भरायला शिकलेला मुलगा लागतो. तो खेड्यात असतो, शाळा शहरात असते, आणि शहरात त्याला कुणी भाकरी घालत नाही. जागा आणि भाकरी या दोन्हींची सोय एकाच वेळी झाली म्हणून हुकूम गॅझेटातच वाळला नाही. १९१२ पर्यंत दरबारातल्या ९५ अधिकाऱ्यांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ राहिले होते. १९१७ मध्ये सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण आलं. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवायचा हुकूम निघाला. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि शिक्षक शेतकऱ्यांच्या मुलांतून घ्या, ही मागणी जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती. ती मान्य व्हायला एका छोट्या संस्थानाचा राजा लागला.

आता थोडं घरचं. आमचं मूळ गाव कागलकडचं. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाला घरात सगळे 'कारकून आबा' म्हणत. मी त्यांना पाहिलं नाही, पण त्यांची लोखंडी पेटी आणि कागदांचे लाल रुमाल पाहिलेत. ते मराठा बोर्डिंगात राहून शिकले आणि करवीर सरकारच्या कचेरीत कारकून झाले. आमच्या घरात आलेला पहिला पगार तो. तोवर घरात पैसा यायचा तो गुऱ्हाळ उठल्यावर, आणि सावकाराकडे जायचा त्याच आठवड्यात. त्या पगारावर माझे वडील व्हर्नाक्युलर फायनल झाले आणि प्राथमिक शिक्षक झाले. वडिलांच्या पगारावर मी बीए झालो. माझ्या पगारावर मुलं इंजिनिअर झाली, त्यातला एक आता परदेशात असतो. लग्नात तावातावाने "आम्हाला कुणी काही दिलं नाही" म्हणतो तो हाच! वडील म्हणायचे, त्या हुकुमाच्या आधी आपल्यासारख्याच्या पोराला कचेरीच्या ओसरीवर बसू दिलं असतं, आत नाही. आमच्या घरातल्या दोन्ही गटांनी हे एकदा शांतपणे ऐकावं, एवढीच इच्छा.

महाराजांकडे सांगलीचे एक वकील वाद घालायला आले. महाराजांनी त्यांना घोड्यांच्या पागेत नेलं, सगळ्यांचा चारा एकत्र टाकायला लावला, धट्टीकट्टी घोडी पुढे आली आणि लंगडी मागे राहिली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. मी वर्गात ती कितीदा सांगितली असेल! पण आख्यायिकेपेक्षा मला तो त्रैमासिक तक्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. नुसता हुकूम काढला असता तर खातेप्रमुखांनी "लायक उमेदवार मिळाला नाही" असा शेरा मारून तो जिरवला असता. (ही युक्ती काही तेव्हाच संपली असं नाही!) दर तीन महिन्यांनी मोजून दाखवायचं म्हटल्यावर पळवाट अरुंद झाली. आणखी एक. तेव्हाचे दिवाण रघुनाथराव सबनीस स्वतः प्रभू, म्हणजे हुकुमाने ज्यांना पुढारलेले ठरवलं त्यांतले. तरी कारभार त्यांच्याच हातून चालला. सगळा वाद दोन जातींतल्या वैराचा म्हणून सांगणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

मग जोत्याचं छप्पर कसं झालं?

त्यासाठी दक्षिणेकडे जावं लागतं. मद्रास प्रांतात जस्टिस पक्षाच्या काळात १९२१ पासून जातवार नेमणुकांचे आदेश निघाले. १९२७ पासून त्यांची रीतसर अंमलबजावणी सुरू झाली. तिथे पन्नास वगैरे भानगड नव्हती. दर बारा जागांत कुणाला किती हे सरळ वाटून दिलेलं होतं आणि त्यात ब्राह्मणांचाही वाटा ठरलेला होता. स्वातंत्र्यानंतर बाराच्या चौदा झाल्या आणि हीच पद्धत मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला लागू राहिली. चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९५१ मध्ये ही वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि लगेच जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन १५ व्या कलमात चौथं पोटकलम आलं. घटनेची पहिली दुरुस्ती जिच्यामुळे झाली, त्या बाईंनी मेडिकलला अर्जच केलेला नव्हता, हे मला वाचल्यापासून नवल वाटत आलंय!

त्याआधी, ३० नोव्हेंबर १९४८ ला, घटना समितीत डॉ. आंबेडकर यावर बोलले होते. त्यांचा मुद्दा असा की, एकीकडे सर्वांना समान संधी हे तत्त्व आहे आणि दुसरीकडे आजवर कारभाराबाहेर ठेवलेल्या समाजांची मागणी आहे. दोन्हींचा मेळ घालायचा तर राखीव जागा एकूण जागांच्या निम्म्याहून कमी असायला हव्यात. सत्तर टक्के जागा राखल्या आणि तीसच खुल्या ठेवल्या तर समान संधी उरली असं कोण म्हणेल, असं उदाहरण त्यांनी दिलं होतं. बाबासाहेबांनी घटनेत आकडा घातला नाही, तत्त्व सांगितलं.

आकडा घातला तो १९६२ मध्ये. म्हैसूर सरकारने मेडिकल, इंजिनिअरिंगच्या ६८ टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशावर फुली मारली आणि म्हटलं की, ढोबळमानाने अशा राखीव जागा पन्नास टक्क्यांहून कमी असाव्यात, किती कमी ते त्या त्या परिस्थितीवर ठरेल. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर, जन्म साताऱ्याचा! केंद्राच्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष काकासाहेब कालेलकर, ज्यांनी १९५५ मध्ये अहवाल देताना सोबतच्या पत्रात स्वतःच्याच आयोगाच्या जातीच्या निकषाशी मतभेद नोंदवला, त्यांचाही जन्म साताऱ्याचाच. आम्हा कोल्हापूरकरांनी सातारकरांना यावरून चिडवायला हरकत नाही. असो.

पुढचं सगळं गणित या पन्नासातून निघालं. मंडल आयोगाने १९३१ च्या जनगणनेवरून इतर मागासवर्ग लोकसंख्येच्या ५२ टक्के असल्याचा अंदाज बांधला. कारण १९३१ नंतर सगळ्या जातींची मोजणी झालेलीच नव्हती. मग शिफारस २७ टक्क्यांचीच का? तर अनुसूचित जातींचे १५ आणि जमातींचे साडेसात मिळून साडेबावीस आधीच होते, आणि पन्नासच्या आत राहायचं तर सत्तावीसच उरत होते. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांनी ते लागू केलं आणि देश पेटला. मी तेव्हा नववी-दहावीला शिकवत होतो. आयुष्यात कधी वर्तमानपत्र न उघडणारी पोरं मधल्या सुट्टीत सत्तावीस आणि साडेबावीसची बेरीज करत होती. १६ नोव्हेंबर १९९२ ला इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ते २७ टक्के मान्य केले, त्यातल्या सुस्थितीत असलेल्यांना वगळायला सांगितलं आणि पन्नासची मर्यादा पक्की केली. अगदी असाधारण परिस्थिती असेल तरच ती ओलांडावी, असं म्हटलं. आधारासाठी बाबासाहेबांच्या त्याच भाषणाकडे बोट दाखवलं. तामिळनाडूने मात्र ६९ टक्क्यांचा कायदा करून तो १९९४ मध्ये घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला.

म्हणजे कोल्हापुरात पन्नास हा आकडा मागासलेल्यांच्या पायाखाली होता, दिल्लीत तो त्यांच्या डोक्यावर आला. न्यायालयाने वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. खुल्या स्पर्धेतल्या मुलालाही घटनेने शब्द दिलेला आहे आणि बाबासाहेबांचं तत्त्व मला आजही पटतं. पण दोन्ही आकड्यांत एक साम्य आहे, ते म्हणजे दोन्ही डोकी मोजून आलेले नाहीत. महाराजांनी सुरुवात करायला सोयीचा म्हणून निम्मा घेतला, न्यायालयाने समतोल म्हणून निम्मा घेतला.

आपल्या राज्यात तर आणखी मौज. अनुसूचित जाती १३, जमाती ७, इतर मागासवर्ग १९, आणि भटके-विमुक्त, विशेष मागास वगैरे मिळून एकंदर ५२ टक्के आधीच होते. त्यावर मराठा आरक्षण. १९०२ च्या यादीत जे मागास होते तेच! २०१४ चा अध्यादेश हायकोर्टात अडला. २०१८ चा १६ टक्क्यांचा कायदा हायकोर्टाने आकडे कमी करून राखला, आणि ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पन्नासची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती दिसत नाही म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा झाला, त्यावरही याचिका झाल्या. दरम्यान केंद्राने २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांसाठी वेगळे १० टक्के दिले होते आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते मान्य केले. पन्नासची मर्यादा अगदी लवचीक नाही असं नव्हे, असं त्यात म्हटलं गेलं. एका छपरावरून ज्यांना खाली उतरवलं, त्यांनी दुसऱ्याला त्याच छपरावर चढताना पाहिलं, तर त्यांनी काय समजावं?

२०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं कपाटातून बाहेर निघाली. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मोडी वाचता येणाऱ्यांचा भाव वधारला! ती रजिस्टरं कशी भरली जातात हे मला पक्कं माहीत आहे, मी ती तीस-बत्तीस वर्षं भरली. जूनमध्ये पालक पोराला हाताशी धरून उभा असायचा. जात विचारली की एक जण 'मराठा' सांगायचा, त्याचाच चुलत भाऊ 'कुणबी' सांगायचा, तिसरा म्हणायचा, "लिवा की मास्तर तुमास्नी म्हाईत हाय ते." आणि मास्तर लिहायचे. एकाच भावकीतल्या दोन पोरांपैकी आज एकाला दाखला मिळतो आणि दुसऱ्याला नाही, तो फरक पुष्कळदा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एका मास्तरच्या टाकाचा असतो. एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटला, मुलाच्या दाखल्यासाठी चार तालुके फिरून आलेला. म्हणाला, "सर, बाबांनी त्या दिवशी दुसरा शब्द सांगितला असता तर?" मी काय सांगणार? त्याचा बाप शेतमजूर होता आणि तो स्वतः गुऱ्हाळावर काम करून शिकला, हे मी पाहिलेलं आहे. पण रजिस्टरात त्याला रकाना नाही.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातींची मोजणी करायचं जाहीर केलं. त्या मोजणीतून निघेल ते आकडे पन्नासच्या जोत्याला धरून बसतील की छपराला धडकतील, हे आमच्या पुढच्या लग्नातल्या पंगतीला विषय पुरेल इतकं मोठं आहे. १९०२ च्या त्या हुकुमाचा मराठी मजकूर मी पुतण्यासाठी हाताने उतरवून ठेवला आहे. सगळा मिळून एका वहीच्या पानावर मावला.